ग्रीक पुराणातल्या थोरल्या देवी: टायटन हरले, मग त्यांच्या बहिणी कुठे गेल्या?

गारगोटी

यंदा मे महिन्यात भाची राहायला आली होती. वय वर्षं नऊ. रोज रात्री झोपताना एक गोष्ट सांगायची, असं आमचं ठरलेलं. एका रात्री क्रोनोसची गोष्ट निघाली. बाप जन्मलेली पोरं एकेक करून गिळतोय. आई ऱ्हिया शेवटच्या खेपेला क्रीट बेटावर जाऊन धाकट्याला लपवते आणि नवऱ्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला धोंडा ठेवते. धाकटा झ्यूस मोठा होतो, भावंडांना सोडवतो, दहा वर्षं लढाई चालते, टायटन, म्हणजे क्रोनोस आणि त्याची भावंडं, हरतात आणि त्यांना टार्टारसमध्ये कोंडतात. टार्टारस किती खोल? ऐरण आभाळातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीला लागेल, आणि जमिनीवरून सोडली तर पुन्हा तितकेच दिवस पडत राहून टार्टारसला पोचेल.

भाची ऐरणीत रमेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मावशी, बारा जण होते ना? त्यात सहा बहिणी होत्या. त्यांनापण कोंडलं?"

मला उत्तर देता येईना. गेली वीस वर्षं या गोष्टी वाचतेय, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी हेसिओडची 'थिओगनी' पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आस्क्रा गावचा हा कवी, काळ इ.स.पू. ७०० च्या आसपास. काव्य मोठं नाही, हजारभर ओळींचं. एका बैठकीत होतं. आणि लक्षात आलं की बहिणींपैकी एकीलाही कोंडल्याचं हेसिओड सांगत नाही. उलट त्या सगळ्या मानाने नांदताना दिसतात.

थिया सूर्य, चंद्र आणि उषेची आई. फोयबी लेटोची आई, म्हणजे अपोलो आणि आर्टेमिसची आजी. म्नेमोसिनी, म्हणजे साक्षात स्मृती, झ्यूसपासून नऊ म्यूझना जन्म देते. हेसिओडच्या काव्याची सुरुवातच तिच्या या लेकींना वंदन करून होते. थेमिस झ्यूसची दुसरी बायको. रीतभात, कायदा, काय शोभतं आणि काय नाही, हे सगळं तिच्या नावात आहे. ऑलिंपसवरची देवांची सभा झ्यूसच्या हुकमाने तीच बोलावते, हे होमरच्या इलियड महाकाव्यात येतं. टेथिस सगळ्या नद्यांची आई. तिच्याबद्दल इलियडमध्ये एक फार गोड तपशील आहे: लढाईच्या धामधुमीत ऱ्हियाने आपली लेक हेरा टेथिसच्या हवाली केली आणि टेथिसने ती वाढवली. म्हणजे देवांची पुढची राणी टायटनांच्या घरी लहानाची मोठी झाली! आणि सहावी ऱ्हिया स्वतः. तिचं पुढे सांगते.

मला वाटतं, या सगळ्याची किल्ली एका ग्रीक शब्दात आहे. 'तिमे'. भाषांतरांतून 'प्रतिष्ठा', 'अधिकार' असे शब्द वाचायला मिळतात, पण आपला 'मान' हा शब्द त्याला चपखल बसतो. जत्रेत पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणत्या घराचा, असं आपण ज्या अर्थाने म्हणतो तो मान. झ्यूस लढाईआधी सगळ्या देवांना बोलावून जाहीर करतो की जो माझ्या बाजूने येईल त्याचा असलेला मान काढून घेणार नाही, आणि क्रोनोसच्या राज्यात ज्याला मान नव्हता त्याला तो देईन.

सगळ्यात आधी कोण आलं? स्टिक्स. पाताळातली नदी, टायटन ओशनसची थोरली लेक. चार लेकरं घेऊन आली: स्पर्धा, विजय, सामर्थ्य आणि बळ. ती चौघं तेव्हापासून झ्यूसच्या घरीच राहतात. विजय आणि बळ एका बाईने हात धरून आणून दिलं तेव्हा झ्यूस जिंकला, ही गोष्ट मी आजवर नुसती नावं म्हणून वाचून पुढे जात होते. बदल्यात स्टिक्सला मान मिळाला तो शपथेचा. देवांनी शपथ घ्यायची ती तिच्या पाण्याची. देवांची दूत आयरिस सोन्याच्या झारीतून ते गार पाणी आणते. खोटी शपथ घेणारा देव वर्षभर श्वासाविना, वाचेविना पडून राहतो, आणि नंतर नऊ वर्षं त्याला सभेत आणि पंगतीत जागा नाही. झ्यूसच्या राज्यात देवांवर चालणारा हा कायदा एका थोरल्या देवीच्या पाण्यावर उभा आहे.

दुसरी हेकाटी, फोयबीची नात. हेसिओड तिच्यासाठी तब्बल चाळीस ओळी खर्च करतो. स्वच्छ शब्दांत सांगतो की झ्यूसने तिच्यावर जोर केला नाही, आधीच्या टायटन देवांमध्ये तिला जे मिळालं होतं त्यातलं काहीही काढून घेतलं नाही. जमिनीत, समुद्रात, आभाळात, तिन्हीकडे तिचा वाटा तसाच राहिला. आईबापांची एकुलती एक, पाठीशी भाऊ नाही, म्हणून मान कमी झाला असंही नाही, हे तो मुद्दाम नोंदवतो.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी गाइया, धरणी. तिच्याकडे नीट बघितलं की जाणवतं, राजे बसवणारी आणि उठवणारी तीच आहे. युरेनस, म्हणजे आभाळ, तिचा नवरा आणि टायटनांचा बाप; त्याच्याविरुद्ध विळा तिने घडवला. क्रोनोसपासून झ्यूसला तिने वाचवलं. शंभर हातांच्या राक्षसांना सोडव, तरच जिंकशील, हा सल्ला तिचा. टायटन हरल्यावर टायफून हा शेवटचा भयंकर शत्रू जन्माला घातला तोही तिनेच! आणि तो हरल्यावर देवांना "झ्यूसला राजा करा" असं सांगणारीही तीच. तिचं मन कोणत्या बाजूला आहे? मला वाटतं, ती कोणाच्याच बाजूला नाही. जो सत्तेवर बसून पुढच्या पिढीचा जन्म अडवतो, त्याच्या ती विरुद्ध जाते.

झ्यूसने हे ओळखलं होतं. युरेनसने पोरं आईच्या पोटात परत ढकलली, क्रोनोसने पोरं गिळली, झ्यूसने पोराची आईच गिळली. मेटिस, त्याची पहिली बायको, शहाणपणाची देवी. मला ही गोष्ट वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं. बाकी सगळ्यांना मान मिळाला. मेटिस मात्र त्याच्या पोटात बसून आजही बरं-वाईट सांगते, असं हेसिओड म्हणतो.

बाकीच्यांनी भर घाला. विशेषतः या देवींची प्रत्यक्ष पूजा कुठे, कशी होत होती, यावर वाचायला आवडेल.

रानवारा

धागा सलग दोनदा वाचला. स्टिक्सची शपथ माहीत होती, पण ती तिला कशाच्या बदल्यात मिळाली ते आत्ता कळलं.

निक्सचं नाव राहिलं असं वाटतं. रात्र. ती टायटनांच्याही आधीची. झोप, मरण, स्वप्नं, म्हातारपण, भांडण, सूड ही सगळी तिची लेकरं, तीही बहुतेक बापाशिवाय झालेली. इलियडमध्ये झोपेचा देव हिप्नोस हेराला सांगतो की मागे एकदा झ्यूसला झोपवलं तेव्हा तो जागा झाल्यावर मला समुद्रात फेकणार होता. मी पळून आईच्या, रात्रीच्या आडोशाला गेलो. झ्यूस इतका संतापलेला होता, तरी थांबला. रात्रीच्या मनाविरुद्ध काही घडू नये म्हणून. पूर्ण इलियडमध्ये झ्यूस कोणापुढे असा थबकलेला मला तरी दुसरीकडे आठवत नाही.

आणि १९६२ साली थेसालोनिकीजवळ डेर्वेनीला थडग्यापाशी चितेच्या राखेत अर्धवट जळालेली पपायरसची गुंडाळी सापडली. जळून कोळसा झाली म्हणूनच ती ओलसर हवेत टिकली. तिच्यात ऑर्फियसच्या नावावरच्या एका काव्यावर भाष्य लिहिलेलं आहे. त्या काव्यात झ्यूस राज्य कसं टिकवावं हे विचारायला रात्रीकडे जातो, आणि ती त्याला गाभाऱ्यातून सगळं सांगते.

तळमजला

लेख आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. 'बहिणी लढल्याच नाहीत' असं वाचणाऱ्याचं मत होईल. थिओगनीतली ६६७ वी ओळ बघा. लढाईच्या शेवटच्या दिवसाचं वर्णन करताना हेसिओड "सगळे, बायका आणि पुरुष" असं स्पष्ट म्हणतो. म्हणजे टायटनिणीही रणात होत्या असा अर्थ होऊ शकतो.

दुसरं, कोणाकोणाला कोंडलं याची यादी हेसिओड पुरुषांचीही देत नाही. क्रोनोस आणि यापेटोस खाली बसलेत हे इलियडमध्ये येतं. ओशनस तर पुरुष असून बाहेरच आहे. स्टिक्सला झ्यूसकडे जायचा सल्ला त्याचाच होता.

गारगोटी

तळमजला, आक्षेप रास्त आहे आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. पुन्हा वाचली. त्या ओळीत टायटन आणि क्रोनोसची मुलं, दोन्ही पक्ष एकत्र घेतलेत. म्हणजे 'बायका' म्हणताना ऱ्हियाच्या लेकी हेरा, धान्याची देवी डीमिटर, हेस्टियाही आल्या. तेव्हा टायटनिणी लढल्या की नाही हे पक्कं सांगता येणार नाही, हे मान्य. माझ्या लेखातलं 'कोंडल्याचं सांगत नाही' इतकंच वाक्य खरं धरा.

तरी एकूण काव्यात फरक दिसतोच. पुरुषांच्या वाट्याला शिक्षा येतात: ॲटलसच्या माथ्यावर आभाळ, प्रोमिथियसच्या काळजाला गरुड, मेनॉयटियसवर वीज. बायकांच्या वाट्याला लग्नं, लेकरं आणि मान येतात. (लग्न हा सगळ्याच वेळी मान असतो का, हा प्रश्न मेटिसने शिल्लक ठेवलाच आहे.)

अबोली_वाई

गारगोटीताई, एरिनीसबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. आईच्या खुनाचा सूड घेणाऱ्या त्या जुन्या देवी. नाटककार एस्किलसने इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आणल्या. ओरेस्टिसने आईला मारलंय, त्या त्याचा माग काढत अथेन्सपर्यंत येतात, खटला चालतो, तो सुटतो. त्यांचं गाऱ्हाणं एकच, आणि ते पुन्हा पुन्हा येतं: धाकट्या देवांनो, तुम्ही जुने कायदे पायदळी तुडवलेत, आमच्या हातातून हिसकावून घेतलेत.

यापुढचं मला सगळ्यात मोठं वाटतं. अथीना त्यांची समजूत काढते. हाकलून देत नाही. एकदाच हळूच सुचवते की झ्यूसची वीज ज्या कोठीत ठेवलीय तिच्या किल्ल्यांची जागा देवांमध्ये फक्त मला माहीत आहे, पण त्याची गरज नाही. मग म्हणते, इथेच राहा. लग्नाआधी आणि बाळंतपणाआधी पहिला नैवेद्य तुम्हाला मिळेल. तुमच्या मानाशिवाय कुठल्याच घराची भरभराट होणार नाही. शेवटी मशालींच्या उजेडात, किरमिजी वस्त्रं पांघरून, वाजतगाजत त्यांना त्यांच्या भुयारातल्या ठाण्यावर नेतात. पुन्हा तुमचा 'मान'च.

त्यांना नावंही गोड दिली. युमेनिदेस म्हणजे कृपाळू. सेम्नाय म्हणजे वंदनीय. खरं नाव घ्यायचं नाही. हे वाचलं तेव्हा माझी आजी आठवली. गावात माता निघाली तर ती कधी आजाराचं नाव घेत नसे. "देवी आल्यात," म्हणायची, आणि तेही आवाज खाली आणून. घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, दाराला कडुलिंब. जिची भीती सगळ्यात जास्त, तिलाच देवी म्हणायचं. लसीलासुद्धा आपण 'देवीची लस' म्हणालो.

सोफोक्लिसच्या नाटकात आंधळा इडिपस याच देवींच्या राईत येऊन बसतो. गावकरी सांगतात, इथून जाताना आम्ही वर बघत नाही, आवाज करत नाही, ओठ नुसते हलवत पुढे जातो. मग त्याला अर्घ्य कसं द्यायचं ते शिकवतात. वाहत्या झऱ्याचं पाणी, कोकराच्या लोकरीने गुंडाळलेल्या कडांची भांडी, पूर्वेकडे तोंड. पाणी आणि मध, दारू अजिबात नाही. ऑलिव्हच्या डहाळ्या तीन वेळा नऊ. मनातल्या मनात मागणं मागायचं आणि मागे वळून न बघता निघायचं.

सागरिका_

सुंदर चर्चा. पण मला वाटतं आपण मूळ गोष्टीला हातच घालत नाही आहोत. मी असं वाचलंय की आधी सगळीकडे मातृदेवीचीच पूजा होती, समाज मातृसत्ताक होता, मग उत्तरेकडून घोड्यांवर बसून आलेल्या टोळ्यांनी आपला आभाळातला बाप आणला आणि देवीला खाली ढकललं. झ्यूसच्या या लढाया म्हणजे त्या घटनेची आठवण. क्रीटमधल्या क्नोसोसची हातात साप धरलेली देवी बघितली की अंगावर काटा येतो. ती कोणाची बायको नाही, कोणाची लेक नाही. एस्किलसच्या नाटकातच अपोलो म्हणतो की आई ही खरी जन्मदाती नव्हे, ती फक्त बीज सांभाळते. हे दुसऱ्या कशाचं लक्षण आहे?

तळमजला

सागरिका, अपोलोच्या त्या भाषणाबद्दल तुमचा राग मी वाटून घेतो. पण मातृसत्तेची जी मांडणी तुम्ही सांगताय ती १८६१ साली बाखोफेन नावाच्या स्विस कायदेपंडिताने मांडली, आणि त्याने मुख्य पुरावा म्हणून या पुराणकथाच वापरल्या. कथेवरून इतिहास काढायचा आणि मग त्या इतिहासाने कथा समजावायची, हे गोल गोल फिरणं झालं.

सापवाल्या मूर्ती १९०३ साली पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सला क्नोसोसच्या राजवाड्यात जमिनीखालच्या दगडी कप्प्यांत तुकड्यांच्या रूपात मिळाल्या. त्यातल्या लहान मूर्तीला डोकं नव्हतं. आज आपण जो टक लावून बघणारा चेहरा ओळखतो तो जोडणाऱ्या कलाकाराने नव्याने केलेला आहे. मूर्ती विलक्षण आहेत यात वादच नाही. पण ती देवी आहे की पुजारीण, हेही त्या मूर्ती सांगत नाहीत.

लिहिलेला पुरावा हवा तर लिनियर बी लिपीच्या मातीच्या पाट्या बघा. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली ती लिपी उलगडली आणि कळलं की भाषा ग्रीकच आहे, होमरच्या कितीतरी शतकं आधीची. त्यात झ्यूस आहे, पोसायडन आहे, डायोनिसस आहे, हेरा आहे. आणि 'पोत्निया', म्हणजे मालकीण, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे लेखी पुरावा जितका मागे जातो तितक्या मागेपर्यंत देव आणि देवी शेजारी शेजारीच आहेत.

डेल्फीच्या कौल देणाऱ्या देवळाचंही तेच. एस्किलसची पुजारीण सांगते, आधी गाइया, मग थेमिस, मग फोयबी, आणि फोयबीने नातवाला, अपोलोला, वाढदिवसाची भेट म्हणून हे ठाणं दिलं. युरिपिडिस सांगतो की अपोलोने थेमिसला हटवलं म्हणून गाइया चिडली आणि रात्री लोकांना थेट स्वप्नंच पाठवू लागली, मग लहानगा अपोलो धावत जाऊन झ्यूसच्या सिंहासनाला बिलगला आणि झ्यूस हसला. दोन्ही गोष्टी फार सुरेख आहेत. पण अपोलोच्या आधी तिथे गाइयाची पूजा होत होती याचा खात्रीचा पुरावा उत्खननातून मिळालेला नाही.

गारगोटी

मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. एकसंध मातृराज्य होतं असं मलाही वाटत नाही. राजवंश उलथण्याच्या या गोष्टीचं मूळ तर बरंच पूर्वेकडे सापडतं. तुर्कस्तानात हत्तुसाला मिळालेल्या हित्ती पाट्यांत कुमार्बी नावाचा देव आभाळाच्या देवाचं, अनूचं, पुरुषत्व चावून गिळतो आणि त्यातून वादळाचा देव जन्मतो. आभाळ आणि जमीन ज्याने कापून वेगळी केली ते तांब्याचं जुनं हत्यारही त्याच परंपरेतल्या दुसऱ्या गाण्यात येतं. गाइयाचा विळा आठवला ना? तिथेही पिढ्या बदलतात, पण त्याचा मातृसत्तेशी काही संबंध नाही.

तरी ती 'पोत्निया' मला सोडवत नाही. क्नोसोसच्या एका पाटीवर हिशेब आहे: सगळ्या देवांना मिळून मधाचा एक घडा, आणि लॅबिरिंथच्या मालकिणीला एक घडा. सगळ्यांना मिळून एक, आणि तिला एकटीला एक! कारकुनाने ओल्या मातीवर ओढलेल्या त्या दोन ओळींत मला जो मान दिसतो, त्यासाठी कुठल्या सिद्धान्ताची गरज वाटत नाही.

आणि सुमारे दीड हजार वर्षांनंतरही अशी एक मालकीण जिवंत होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी ग्रीस फिरला. अर्केडियाच्या डोंगरात लिकोसूराला त्याला देस्पॉयना भेटली. या शब्दाचा अर्थही मालकीणच. डीमिटर आणि पोसायडनची लेक. तो लिहितो की अर्केडियाचे लोक हिच्याइतकं कुठल्याच देवाला मानत नाहीत. आणि तिचं खरं नाव? दीक्षा न घेतलेल्यांपुढे ते लिहायची मला भीती वाटते, असं म्हणून तो पुढे जातो. त्याने लिहिलं नाही, दुसऱ्या कोणी लिहिलं नाही, आणि ते नाव कायमचं गेलं. तिच्या मूर्तीचं संगमरवरी वस्त्र मात्र अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्याच्या काठावर प्राण्यांची तोंडं असलेल्या आकृती नाचताना कोरल्या आहेत.

कातळसडा

अर्केडियाचा विषय निघाला म्हणून. तिथेच थेल्पूसा गावी पॉसेनियसला 'डीमिटर एरिनीस' सापडते. लेकीला शोधत हिंडताना पोसायडन मागे लागला, म्हणून डीमिटर घोडी होऊन कळपात मिसळली. त्याने ओळखलं आणि घोडा होऊन तिला गाठलं. ती आधी संतापली, म्हणून एरिनीस. मग लाडोन नदीत न्हायली, म्हणून तिचं दुसरं नाव लूसिया, न्हालेली. त्यातून आरिऑन नावाचा घोडा झाला आणि एक मुलगी, जिचं नाव सांगायचं नाही. म्हणजे तीच ही देस्पॉयना असणार.

आपल्याकडची सरण्यूची गोष्ट आठवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे, पुढे पुराणांत ती संज्ञा होते. सूर्याचं तेज सोसवेना, आपल्यासारखीच दुसरी जागेवर ठेवून घोडी होऊन निघून गेली, तो घोडा होऊन मागे गेला, अश्विनीकुमार झाले. 'एरिनीस' आणि 'सरण्यू' हे शब्दही एकच, असं एकोणिसाव्या शतकात जोरात मांडलं गेलं होतं, पण उच्चारांच्या नियमांत ते बसत नाही म्हणून आज भाषातज्ज्ञ ते धरत नाहीत. युरेनस म्हणजे वरुण, हेही तसंच मागे पडलं; युरेनसचं नातं आता 'वर्षा' शब्दाशी लावतात, पाऊस पाडणारा. पक्क्या जोड्या म्हणजे झ्यूस आणि द्यौस्, ईऑस आणि उषस्. डीमिटरच्या नावातलं 'मिटर' म्हणजे आपली 'मातृ'.

रानवारा

हेकाटीचा तपशील माझ्याकडूनही. तिचं ठाणं तिठ्यावर. तीन तोंडांची मूर्ती, तीन वाटांकडे बघणारी. महिना संपताना, अमावास्येच्या सुमाराला अथेन्सचे लोक तिच्यासाठी तिठ्यावर जेवण नेऊन ठेवायचे. ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकात येतं की श्रीमंत हे जेवण ठेवतात आणि ते खाली टेकवायच्या आत गरीब उचलून नेतात. लहानपणी तिठ्यावर भात-अंड्याचा उतारा दिसला की आई माझा हात घट्ट धरून बाजूने काढायची. त्या भाताकडे बघितलंसुद्धा नाही कधी. तो रात्री कोणाच्या पोटात जात असेल, हा विचार ते नाटक वाचताना पहिल्यांदा मनात आला.

थेम्सकाठ

मी गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात अथेन्सजवळच्या एलेउसिसची, म्हणजे डीमिटरच्या मोठ्या ठाण्याची, एक भव्य स्त्रीमूर्ती आहे, तिच्याबद्दल सांगते. डोक्यावर गोल पेटी, पेटीवर गव्हाच्या ओंब्या आणि फुलं कोरलेली, छातीवर दोन पट्टे एकमेकांना छेदतात आणि मधोमध गॉर्गन राक्षसिणीचं तोंड. चेहरा इतका झिजलाय की नाक-डोळे हाताने चाचपावेत तरच लागतील. खरं तर ती देवी नव्हे, मंदिराच्या दाराचा भार पेलणाऱ्या दोन बायकांपैकी एक.

पण गावाला ती देवीच होती. देवळं बंद होऊन चौदाशे वर्षं झाली होती, गाव ख्रिस्ती झालेलं, तरी लोक तिला 'संत दीमित्रा' म्हणायचे. खळ्याजवळ, गळ्यापर्यंत शेणखताच्या ढिगात उभी. ती आहे म्हणून शेत पिकतं, ही श्रद्धा. सणाला पुढे दिवा लावायचे. १८०१ साली क्लार्क नावाच्या इंग्रज प्रवाशाने तुर्की अधिकाऱ्याकडून परवानगी मिळवून ती हलवली. आदल्या संध्याकाळी जोखडातून सुटलेला एक बैल मूर्तीला शिंगं मारून हंबरत रानात पळाला आणि सगळं गाव घाबरलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. गावकरी म्हणाले, हिला नेणारं जहाज बुडेल. ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालं. मूर्ती वर काढली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ही गोष्ट माहीत नव्हती. दुसऱ्यांदा वाचून गेले आणि बराच वेळ तिच्यापुढे उभी राहिले. पायांत चप्पल आहे याचा अवघडलेपणा वाटला.

गारगोटी

थेम्सकाठ, हे वाचून गप्पच झाले.

ऱ्हियाचं सांगायचं राहिलं होतं. डीमिटरच्या होमरी स्तोत्राचं एकमेव हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडलं, आज ते लायडनला आहे. त्यातलं शेवटचं पान माझ्या भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे असं वाटतं.

डीमिटरची लेक पर्सेफनी पाताळाच्या राजाने पळवली. डीमिटर नऊ दिवस मशाली घेऊन हिंडली, घास नाही, आंघोळ नाही. मुलीची किंकाळी गुहेतून ऐकली ती हेकाटीने. दहाव्या दिवशी तीच मशाल घेऊन सांगायला आली. मग एलेउसिसचं दुःख, दुष्काळ. झ्यूसने आयरिसला पाठवलं, मग एकेक करून सगळे देव पाठवले, दागिने-भेटी देऊ केल्या. डीमिटर हलली नाही. हर्मीस पाताळात जाऊन पर्सेफनीला घेऊन आला, पण डाळिंबाचा दाणा तिच्या पोटात गेला होता. वर्षाचा तिसरा हिस्सा खालीच जायचं ठरलं. आता डीमिटरला देवांत परत आणायचं कोणी?

झ्यूसने आपल्या आईला पाठवलं. ऱ्हिया, क्रोनोसची बायको, टायटनीण. ती रारियाच्या माळावर उतरली. एके काळचा सुपीक माळ, आता एक पान नाही, सातूचं बी जमिनीत दडलेलं. मायलेकी एकमेकींना बघून हरखल्या. आणि ऱ्हियाने जे शब्द वापरले ते "ये, लेकी" असे आहेत. हुकूम झ्यूसचा, पण हाक आईची. डीमिटरने ऐकलं. माळ पुन्हा पानाफुलांनी भरला.

भाचीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजी न्यायला आली." हो, तिन्ही पिढ्या एका माळावर. ज्या आजीने धोंडा देऊन नवऱ्याला फसवलं होतं, तीच.

अबोली_वाई

आणि तो धोंडा! क्रोनोसने ओकून टाकल्यावर झ्यूसने तो डेल्फीला ठेवला. पॉसेनियसने बघितलाय. फार मोठा नाही म्हणतो. रोज त्याच्यावर तेल ओततात आणि सणाला न कातलेली लोकर वाहतात. आमच्या शेताच्या बांधावरचा तांदळा मला यापेक्षा वेगळा दिसत नाही, फक्त तेलाबरोबर शेंदूर.

दर्यावर्दी७

धागा बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी जहाजावर इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी आमचं जहाज एलेफ्सिनाला दुरुस्तीला लागलं होतं. हेच तुमचं एलेउसिस. आज तिथे रिफायनरी, गोदी, धुरांडी. समुद्रात गंजलेली जहाजं. वस्तीच्या मधोमध अचानक ते उत्खनन लागतं. दाराशीच गोल दगडी बांधाची विहीर आहे. मग टेकडीच्या पोटातली गुहा, आणि पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्यांचं मोठं सभागृह, जिथे दीक्षा व्हायची. आत काय दाखवायचे ते हजार वर्षांत कोणी फोडलं नाही.

मी गेलो तो दिवस २० नोव्हेंबर होता. मला काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी बायका टेकडीवर चढताना दिसल्या, हातात पोळ्यांएवढे गोल पाव आणि झाकलेली भांडी. वर, बरोबर त्या अवशेषांच्या माथ्यावर, मेरीमातेचं छोटं चर्च आहे. तिला तिथे 'मेसोस्पोरितिसा' म्हणतात, पेरणी अर्धी झाली की पूजायची ती. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, पाद्र्याने पाव आणि भांडी मंत्रून दिली. मी मागे, भिंतीला टेकून उभा होतो. एका आजींनी न विचारता कागदी पेला माझ्या हातात दिला. गहू, हरभरे, डाळी एकत्र उकडलेल्या, अजून कोमट. आपल्या घुगऱ्याच. वर मनुका आणि डाळिंबाचे दाणे.

मला ग्रीक येत नाही. मी हात जोडले. त्यांनी माझ्या पेल्याकडे बोट दाखवून खाण्याची खूण केली, आणि मी संपवेपर्यंत तिथेच थांबल्या.